बियाण्याचं चिन्नोर कुणी नेलं?

अन्याय झाला तो एका मजूर बाईवर. मळणी आटोपून धान घरोघर आलेलं होतं. संक्रांतीच्या आधीचा कटंगीचा आठवडी बाजार होता, त्या दिवशी सकाळी. कटंगीजवळच्या एका गावात, चौकात माणसं बसलेली असताना, एका कास्तकारानं, म्हणजे शेतकऱ्यानं, तिला सगळ्यांदेखत चोर म्हटलं. एकानंही त्याला थांबवलं नाही. ती सकाळ माझ्या डोक्यातून गेलेली नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

निवृत्त पोलीस अधिकारी म्हटलं की लोकांना पांढऱ्या मिशा दिसतात. मला मिशा नाहीत आणि माझे केसही अजून काळे आहेत. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात मी उपनिरीक्षक होते. बंदोबस्तावरून परतताना जीप उलटली, एक पाय कामातून गेला आणि खात्यानं मला वैद्यकीय कारणावरून निवृत्त केलं. आता मी पत्रकं घेऊन गावोगाव फिरते. हे लिखाण पत्रकासारखं वाटलं तर वाटू द्या. गोड बोलून सांगण्यासारखा हा विषय नाही.

नाव कुणाचंच लिहीत नाही. त्या बाईचं लिहायची फार इच्छा होती, पण तिनंच हात जोडले. "माहं नाव नोको टाकू बाई, एकदा निघालं चौकात तेवढं पुरे झालं." टोल्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या छोट्या वस्तीत राहणाऱ्या या बाईला सगळं गाव मावशी म्हणतं. मीही मावशीच म्हणते.

कास्तकार ठाण्यात आला तो लेखी आवेदन घेऊन. एफआयआर नोंदवायच्या आधी आमच्याकडे अशी आवेदनं रोज येतात आणि चौकशीला कुणातरी उपनिरीक्षकाच्या गळ्यात पडतात. हे माझ्या गळ्यात पडलं. तक्रार अशी, की घरातलं बियाण्याचं चिन्नोर चोरीला गेलं. चिन्नोर म्हणजे आमच्या भागातलं वासाचं धान. दाणा बारीक, पीक थोडं, आणि बियाणं वेगळ्या कणगीत लिंपून ठेवतात. पोटाला कमी पडलं तरी त्याला कुणी हात लावत नाही. हे बियाणं गेलं म्हणजे पुढच्या हंगामाचं पीक गेलं.

"कुलूप तुटलं का?" मी विचारलं.

"नाही म्याडम. कणगीच्या बुडाले भोक असते, त्यातला बोळा काढून नेलं. वरून कणगी भरेलच दिसे."

"मग मावशीवर संशय कशावरून?"

"थिनंच तं खोली सारवली मळणीनंतर. आणखी कोण येते आमच्या घरात?"

"घरचे येतात की."

"घरचे लोक काहून चोरतीन?" तो माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू मीच काही अभद्र बोलले.

पोलिसात राहून मी एक गोष्ट शिकले. वस्तू हरवली की बोट आधी गावाबाहेरच्या वस्तीकडे जातं, पुरावा नंतर शोधला जातो. आमचे ठाणे प्रभारी, ज्यांना आम्ही टीआय साहेब म्हणायचो, तेही फायलीतून मान वर न करता म्हणाले, "बुला लो उसको। थोड़ी देर बैठाओ, बोल देगी।"

बसवलं. पण बाकावर नाही, माझ्या टेबलासमोर खुर्चीवर. मावशी खुर्चीच्या अगदी टोकावर बसली.

"धान नेलं का मावशी?"

"नेलं असतं तं शिजवलं असतं. शिजवलं असतं तं वास आला असता साऱ्या टोल्यात. चिन्नोर का लपून राह्यते बाई?"

हवालदार हसला. मला हसू आलं नाही, कारण ती खरं बोलत होती. चिन्नोर शिजलं की चार घरांना कळतं. जबाब घेणारा माणूस समोरच्याचे डोळे बघतो म्हणतात. मी बोलणं बघते. खोटं बोलणारा स्वतःची शपथ घेतो. मावशीनं शपथ घेतली नाही, हिशोब सांगितला.

जायला उठली, पण दारातून परत वळली. "तुम्ही मले सोडून द्यान. पण चोर म्हटलेल्या बाईले कोण घरात घेते? सारवायले, निवडायले, बाळंतिणीले पाहाले, मी तं साऱ्याईच्या घरातच काम करतो. घरातच घेतलं नाही, तं मी करू काय?"

चौकशी माझ्यासाठी त्या वाक्यापासून सुरू झाली. चोर सापडला नाही तर फाइल बंद होते आणि अधिकारी घरी जाऊन जेवतो. मावशीला मात्र गावची दारंच बंद होणार होती.

धागा मिळाला बाजारात. आमच्याकडे खबऱ्याला मुखबिर म्हणतात, पण मला खबर देणारी मुखबिर नव्हती. ती बोरं आणि मुरमुऱ्याचे लाडू विकणारी म्हातारी होती, आणि ती खबर देत नव्हती, रडगाणं गात होती.

"या साली पोट्टे आलेच नाही व बाई. दरसाल सरव्याचं धान घेऊन येत, बोरं नेत. या साली एक पोट्टा फिरकला नाही."

हे समजायला सरवा माहीत असावा लागतो. कापणीनंतर शेतात ज्या लोंब्या पडून राहतात त्या मुलं वेचतात, आणि ते धान मुलांचं. आईबाप त्याला हात लावत नाहीत. ते घेऊन मुलं बाजारात जातात आणि धानावर खाऊ घेतात. मीही लहानपणी फ्रॉकच्या ओच्यात धान घेऊन बोरं आणली आहेत. त्यामुळे मूल धान घेऊन घरातून निघालं तर आमच्याकडे कुणीही "कुठे चाललास" असं विचारत नाही. सगळे बघतात आणि कौतुकानं हसतात.

"मग धान कुठे नेतात पोरं?" मी विचारलं.

"मोबाइलवाल्याच्या दुकानात पाय. तिथं मधमाशा बसल्यावानी बसून राह्यतात."

साध्या कपड्यांत दुकानात गेले, फोनला काच लावून मागितली. काउंटरच्या मागे पोतं होतं. मूठभर धान तळहातावर घेतलं. जाड दाणा, बारीक दाणा, काळ्या टोकाचा दाणा, सगळं एकात एक. कास्तकार असं धान कधी मिसळत नाही, आणि चोर आणतो ते एका घरातून आणतो. इथे बऱ्याच घरांचं थोडं थोडं आलं होतं. दाणे चोळून नाकाशी नेले आणि तिथेच थांबले. चिन्नोर. त्या साली त्या गावात चिन्नोर एकाच घरी पेरलं होतं.

"हे धान कुणाचं, भाऊ?"

"लेकराईचं हाय ताई. सरव्याचं."

"त्यावर देता काय?"

"हिरे. गेममधले हिरे. थ्याईच्या आयडीत भरून देतो. सर्विस है अपनी।"

ओळखपत्र दाखवल्यावर सर्व्हिसचा आवाज खाली आला. शाळेच्या डब्यानं धान मोजायचं, वर शीग लावून घ्यायची, आणि बदल्यात हिऱ्यांचा सगळ्यात छोटा पुडा द्यायचा. वयानं मोठ्या माणसानं लेकरांच्या हातून हे घ्यावं याची लाज वाटत नाही का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "कानून में कहाँ लिखा है?" चोरीचा माल घेणं कायद्यात लिहिलेलं आहे, ते मी त्याला वाचून दाखवलं. पण लेकराच्या फोनमध्ये हात घालून त्याला दिवसभर हिरे मागणाऱ्या त्या गेमवाल्याला मी कुठल्या कलमात बसवणार होते? तो ना कटंगीत होता, ना बालाघाटात.

मुलांची चौकशी ठाण्यात करत नाहीत, आणि गणवेशात तर नाहीच. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली. मुलांचे आईबाप आणि शाळेचे मास्तर बोलावले, कास्तकार आला. मावशीलाही आणलं. आळ जिच्यावर, तिच्यासमोरच तो फिटावा असं मला वाटत होतं.

"धान कुणी नेलं?" असं विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळे जमीन उकरत बसले असते. चूक कबूल करायला मूल तयार नसतं, पण बढाई मारायला नेहमी तयार असतं. मी विचारलं, "सगळ्यात भारी बंदूक कुणाकडे आहे?"

झालं. "माह्याकडं सोन्याची हाय!" "हिरे देऊन पेटी उघडली तं याले निघाली, मले साध्याच निघतात." "पेटीत काय निघन थे आधी सांगतच नाही ना म्याडम, उघडाच लागते!" आईबाप ऐकत होते आणि एकेकाचा चेहरा उतरत होता. कुणाच्या घरच्या कणगीतला एक डबा गेला होता, कुणाच्या घरचे बरेच.

एक मुलगी गप्प होती. कास्तकाराची नात. तिच्याकडे बंदूक नव्हती. मी काही विचारायच्या आत तीच उठली.

"मावशीनं नाही नेलं. मी नेलं. माहा सरवा सरला होता."

"कायले वं?" आजोबा ओरडले. "बियाण्याचं धान! कायले?"

"वासरू उपाशी होतं."

तिनं फोन पुढे केला. खेळ फुकटचा होता. सुरुवातीला एक वासरू मिळतं, त्याचं नाव आपण ठेवायचं. काही दिवस चाराही फुकट. मग चारा संपतो, वासरू खाली बसतं, त्याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि अभ्यासाला बसलं तरी फोन वाजत राहतो. मला भूक लागली, तू कुठे आहेस. चाऱ्याला हिरे लागतात.

मी अनेक गुन्हेगार पाहिले. कुणी लालूच दाखवून फसवतं, कुणी भीती घालून. पण ज्या घरात गोठ्यातल्या जनावराला घातल्याशिवाय कुणी ताटावर बसत नाही, त्या घरातल्या पोरीच्या मायेवरच कुणी डल्ला मारावा, हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्या मुलीला हाव सुटलेली नव्हती. घरच्यांनी जे चांगलं शिकवलं तेच ती करत होती, आणि नेमकं त्याच्याच जोरावर तो खेळ हिरे विकत होता.

कास्तकारानं हात उगारला. मी उठेपर्यंत मावशी मध्ये शिरली होती.

"मारू नोको बापू. उपाशी वासरू पाहून तं मीबी नेलं असतं."

हे ती बाई बोलली. जिला याच माणसानं चौकात चोर म्हटलं होतं, ती.

"खेळ काढून टाक," मुलीची आई म्हणाली. मुलीनं फोन पोटाशी धरला. "मरन ना थे." ते खोटं आहे, चित्र आहे, असं मास्तरांनी समजावलं, मी समजावलं. ती हलेना. मग मावशी तिच्याजवळ सतरंजीवर बसली.

"माह्याकडं सोड थ्याले. माह्या घरी बकऱ्या हायेत, त्याईच्या संगं राहीन. मी पाहीन त्याले."

मुलीनं तिच्याकडे नीट पाहिलं. "रोज घालशीन?"

"हौ. रोज घालीन."

मग मुलीनं खेळ काढला.

कास्तकार आवेदन मागे घ्यायला निघाला. मी म्हटलं, "कागद इथे मागे घ्या, शब्द चौकात." तो गेला. जिथं चोर म्हटलं होतं तिथंच उभा राहून म्हणाला, "मावशी, माही चुकी झाली. उद्या घरी ये कामाले." मावशी म्हणाली, "उद्या नाही येत. परवा येतो. उद्या मले दुसऱ्या घरी बोलावलं." चौक हसला, आणि त्या हसण्यात तिची दारं उघडली. दुकानदारानं पोतं परत केलं. मिसळलेलं धान बियाण्याच्या कामाचं नव्हतं. बियाणं गावातल्या लोकांनी लामता गावच्या सोयऱ्यांकडून आणून दिलं. दुकान आजही चालू आहे. मालक मला बघून मान फिरवतो.

इथं माझं काम संपलं होतं. पण निघताना मावशीनं अडवलं. "बाई, लेकराईचं काढून घेतलं. आता त्याईले देसान काय? रिकाम्या हातानं लेकरू बसते का?"

हा प्रश्न तिनं विचारला नसता तर मी आज पत्रकं वाटत फिरले नसते. आम्ही मोठे काढून घेण्यात पटाईत असतो. फोन आपटायचा, ओरडायचं, झालं. मी रविवारी परत गेले आणि त्याच व्हरांड्यात मुलांना म्हटलं, आता पोलीस तुम्ही. एकेका खेळाला समोर बसवा आणि जबाब घ्या. प्रश्नही तुमचेच.

कास्तकाराच्या नातीनं पहिला प्रश्न काढला. बंद केल्यावर तो रडतो का, मागे लागतो का? दुसरा बंदूकवाल्या पोरांचा. पेटीत काय आहे ते उघडायच्या आधी सांगतो का? एकजण म्हणाला, नेट बंद करून पाहू, खेळू देते का. त्या दिवशी बरेच खेळ आरोपी निघाले. बुद्धिबळ सुटलं. पूल बांधायचा एक खेळ सुटला, त्यात पूल पडला की सगळे एकदम ओरडायचे. शब्द जुळवायचा एक सुटला. एक खेळ एकदाच विकत घ्यायचा होता आणि मग काहीच मागत नव्हता, तो मास्तरांनी शाळेच्या फोनवर घेतला. आईबापांनी फोनमध्ये खरेदीला पासवर्ड लावला. एक पोरगा पुन्हा पेट्यांकडे गेला, खोटं कशाला सांगू. बाकीचे पूल बांधत बसले. हे ऐकून टीआय साहेब या वेळी फायलीतून मान वर करून म्हणाले, "वो सवाल मुझे भी लिख के दे दो। मेरा लड़का भी कुछ खोलता रहता है।" आज माझ्या पत्रकांवर हेच प्रश्न छापलेले असतात.

खात्यानं मला गुन्हेगार पकडायला शिकवलं. सोडवायला मला मावशीनं शिकवलं, आणि खरा प्रश्न विचारायला त्या पोरीनं. बोरंवाल्या म्हातारीनं रडगाणं गायलं नसतं तर मी आजही टोल्यावर चोर शोधत असते. या तिघींची मी कायमची ऋणी आहे. पाय गेला तेव्हा मला भेटायला गावातून पहिली मावशीच आली. मी विचारलं, वासरू कसं आहे? म्हणाली, "मोठं झालं. पोट्टी येते, इचारते, मी सांगतो."

आता तुम्ही. हे वाचून मान डोलावू नका. आज घरातल्या मुलाजवळ बसा. फोन हिसकावू नका, खेळ दाखव म्हणा. बंद केल्यावर तो खेळ रडतो का, मागे लागतो का, ते मुलासोबत बघा. रडत असेल तर काढून टाकायला सांगा, पण त्याआधी त्याच बैठकीत दुसरा चांगला खेळ शोधून हातात द्या. आणि मूल म्हणालं की खेळातलं कुणीतरी उपाशी मरेल, तर हसू नका. म्हणा, माझ्याकडे सोड, मी पाहीन. मग खरंच पाहा.