भामरागड पयले

नसीमबाई फोनवर कधी ‘हॅलो’ म्हणाल्या नाहीत. आमच्या चंद्रपूरच्या ऑफिसचा फोन वाजला, की जिन्याखालच्या ऑपरेटरच्या खोलीतून त्यांचा खणखणीत आवाज यायचा, “बोला, कुठून बोलून राह्यले?” तुम्ही कोण आणि तुमचं काम काय, हे नंतर. आधी कुठून, कारण त्यावर तुमचा नंबर लागायचा. भामरागडचे असलात तर थेट आत. धानोऱ्याचे असलात तर क्षणभर थांबा. ब्रह्मपुरीचे असलात तर “बसा थोडं”. आणि नागपूरहून कोणी बडा माणूस बोलत असेल, तर बाई रिसीव्हर टेबलावर ठेवून निवांत सुपारी कातरायला घेत.

मी नगरकडचा. जंगलातल्या गावांमधून हिरडा, डिंक, मध विकत घेणाऱ्या एका सहकारी संस्थेत खरेदी विभागाचा लेखनिक म्हणून रुजू झालो. पहिल्याच दिवशी जनरल मॅनेजर मोहरील साहेबांसमोर उभा होतो. साहेबांनी फोन उचलून जरबेनं नागपूर मागितलं. पलीकडून आलेलं उत्तर मलाही ऐकू आलं. “साहेब, बसा. भामरागड लागून राह्यलं. नागपूर कुठी पळून नाई चाल्लं.” साहेब उभे होते, ते खरंच बसले. ऑफिसात सगळ्यांत वरचं पद कोणाचं, हे मला त्या दिवशी कळलं आणि मी माझे नमस्कार त्याप्रमाणे वाटून घेतले.

पुढे ओळख झाल्यावर मी त्यांना विचारलं, की साहेबांना ताटकळत ठेवायची भीती नाही वाटत का. बाई टेलिफोनच्या बोर्डावर बसलेली, खाणींकडून उडून येणारी कोळशाची काजळी फडक्यानं पुसत होत्या. हे काम त्या तासातासाला करत. “जवळचा थांबते, बाबू,” त्या म्हणाल्या, “दूरचा तुटते.” पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं की भामरागडचा रस्ता बंद व्हायचा, आणि फोन तर मर्जीचा मालक. लागला तेव्हा लागला. त्यामुळे तिकडून घंटी आली की बाईंच्या बोर्डावरच्या बाकीच्या साऱ्या तारा गप्प बसवल्या जात.

गावातल्याच घुटकाळा वस्तीत त्यांचं घर होतं. नवरा वारलेला, मुलं नोकरीसाठी बाहेरगावी, आणि घरी अंथरुणाला खिळलेली सासू. सासूबद्दल त्या अगदी सरळ बोलत. “बुढी मरत नाई म्हनून मले कुठी जाता येत नाई. आन मेली पायजे, असंबी नाई. तिच्यासंगच त भांडतो मी रोज.” ऑफिसातल्या कोणाचं लग्न कुठे अडलंय, कोणाचा मेहुणा रुसलाय, हे त्यांना आधी ठाऊक असायचं. चोरून ऐकता का, असं एकानं टोचून विचारलं, तर म्हणाल्या, “आयकत नाई मी. आयकू येते. तुमी हळू बोलत जा.”

आमच्या भामरागडच्या खरेदी केंद्राचे प्रमुख होते मडावी. भला माणूस, पण आवाज असा, की शेजारी लेकरू झोपलंय आणि ते उठू नये म्हणून हळू बोलतोय. मोहरील साहेबांच्या टेबलावरच्या फोनमधून तो आवाज येतच नसे. म्हणून बाई मधे लाइनवर राहत आणि मडावींचं बोलणं साहेबांना पुन्हा सांगत. सांगताना त्यात जीव ओतत. मडावी म्हणायचे, “जमलं त ताडपत्री पाठवा जी.” साहेबांच्या कानात पोचायचं, “साहेब, उद्या ताडपत्री नाई आली त सारा माल सडते, मंग मले इचारू नोका.” साहेबांच्या लेखी मडावी हा बाईच्या करड्या आवाजात बोलणारा, मोठा खमक्या माणूस होता.

मग नवं सहस्रक लागलं आणि आमच्या संचालकांना आधुनिक व्हायची उबळ आली. जुना बोर्ड काढायचा, प्रत्येक टेबलावर थेट फोन द्यायचा, आणि मीटिंगच्या टेबलावर एक कॉन्फरन्स फोन ठेवायचा, म्हणजे सगळी केंद्रं एकाच वेळी बोलतील. ठराव झाला. त्यातच खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, की ऑपरेटरचं पद रद्द होईल आणि त्या कर्मचाऱ्याला ब्रह्मपुरीच्या गोदामात सामावून घेण्यात येईल. बाईंच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. ब्रह्मपुरीला जायचं म्हणजे दिवसाचे सहा तास बसमध्ये, नाहीतर तिथे खोली. आणि घरी ती म्हातारी.

फोन निवडण्यासाठी समिती नेमली गेली आणि मी तिचा सचिव झालो. मी एक डाव टाकला. ‘वापरणाऱ्यांचा प्रतिनिधी’ म्हणून नसीमबाईंचं नाव समितीत घातलं. बाई प्रत्येक फोनमधे खोट काढतील आणि हे प्रकरण तीन वर्षं आरामात रेंगाळेल, असा माझा हिशेब. सहकारी कृपेनं याहून साध्या गोष्टी तीन वर्षं रेंगाळलेल्या मी पाहिल्या होत्या.

समितीचं पहिलं भांडण बटणांवरून झालं. फोनवर जितकी बटणं जास्त तितका माणूस मोठा, असा समज कसा कोण जाणे ऑफिसभर पसरला. मोहरील साहेबांना सगळ्यांत जास्त बटणांचा फोन हवा होता. उपव्यवस्थापकाला त्याहून दोनच कमी. बाईंनी यादी हातात घेतली आणि म्हणाल्या, “साहेबाले सगळ्यात साधा द्या. साहेब एकच बटन दाबतात, थेबी चुकीचं. बटनाईचा फोन गेटवरच्या बाबारावले द्या. घंटी वाजली का उचलनारा या हापिसात थोच एक हाये.” साहेब हसले. न हसून करतात काय.

कॉन्फरन्स फोनची परीक्षा बाईंनी स्वतःच ठरवली. भर ऑगस्ट. बाहेर पोर्चच्या टिनावर पाऊस, आत डोक्यावर खडखडणारा पंखा, टेबलाभोवती समिती, आणि पलीकडे भामरागडहून मडावी. “मडावीचा आवाज आला त फोन चांगला,” त्या म्हणाल्या. “बाकी सारे वराडनारे हायेत. त्याईले फोनची गरजच नाई.”

पहिला फोन घेऊन नागपूरहून एक टायवाला आला. खेकड्यासारखं तीन पायांचं, काळंभोर, चकाकतं यंत्र होतं ते. साहेब बघताक्षणीच त्याच्या प्रेमात पडले. मडावी बोलू लागले आणि साहेबांना त्यांचा नेहमीचा खोकला आला. मडावींचा आवाज बंद. खोकला थांबला, आवाज परत. पुन्हा खोकला, पुन्हा बंद. त्या यंत्रात एका वेळी एकच बाजू बोलू शके, आणि इकडचं खाकरणंसुद्धा त्याला बोलणंच वाटे.

“मॅडम, हे लेटेस्ट मॉडेल आहे,” टायवाला म्हणाला.

“असन. पन साहेब खोकलले का मडावी मरते,” बाई म्हणाल्या. “घेऊन जा वापस.”

दुसऱ्या फोनमधून मडावी विहिरीत पडल्यासारखे ऐकू आले. तोही गेला. माझा डाव छान रंगत चालला होता. मी मनातल्या मनात पुढच्या दोन वर्षांच्या बैठका आखायला घेतल्या.

तिसरा फोन राखाडी, बसकट आणि दिसायला अगदीच बावळट होता. विकणारा चंद्रपूरचाच, टाय नसलेला. फोन जोडला. पाऊस पडत होता, पंखा खडखडत होता, आणि साहेब खोकले. त्या सगळ्यातून मडावींचा तो लेकरू न उठवणारा आवाज स्पष्ट आला. “साहेब, ताडपत्री कमी पडून राह्यली जी. जमलं त पाठवा.” सवयीनं बाईंनी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात साहेबच म्हणाले, “किती लागतील, मडावी?”

बाईंचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. मग त्यांनी ते मिटलं. टेबलावरच्या त्या राखाडी यंत्राकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहून डोळ्यांनी खुणावत होतो, की काहीतरी काढा, रंग वाईट आहे म्हणा, वायर आखूड आहे म्हणा. एक नकार पुरे होता.

“हाच घ्या,” बाई म्हणाल्या.

मला त्यांचा भयंकर राग आला. जिन्याखालच्या खोलीत जाऊन मी म्हणालो, “बाई, आपल्याच पायावर असा धोंडा पाडून घेतात का? सासूला काय सांगणार आता?” त्या बोर्ड पुसत होत्या. “तिले काय सांगाचं? तिले आयकूच येत नाई,” एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी सुपारी खाल्ली नाही.

बोर्ड निघाला त्या दिवशी त्यावरून शेवटचा फोन त्यांनी भामरागडला लावला. मी दारात उभा होतो. “मडावी, आता तुमच्या मधात कोनी नाई,” त्या सांगत होत्या. “तुमी जोरात नोका बोलू. हळूच बोला. पन ‘जमलं त’ म्हनू नोका. पायजे मंजे पायजे.” पलीकडून मडावी काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. बाईंना आलं असावं, कारण फडकं समोर असूनही त्यांनी रिसीव्हर पदरानं पुसला.

त्यांनी ब्रह्मपुरीला जायला सुरुवात केली. सकाळच्या पहिल्या बसनं जायचं, अंधार पडता परत. दिवसभर म्हातारीकडे शेजारीण बघायची. तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी कॉन्फरन्स फोनवर पहिली मोठी मीटिंग भरली. सगळी केंद्रं एकदम जोडली गेली आणि सगळी केंद्रं एकदम बोलू लागली. साहेब ‘एकेक जण, एकेक जण’ म्हणून ओरडत होते, पण ते स्वतःच सगळ्यांच्या वरताण बोलत होते. भामरागड दोनदा तुटलं. तिसऱ्यांदा लागलं, तेव्हा त्या गोंगाटातून ब्रह्मपुरीच्या गोदामातून एक आवाज आला.

“चूप बसा सारे. साहेब, तुमीबी. भामरागड पयले.”

टेबल गप्प झालं. सगळी केंद्रं गप्प झाली. त्या शांततेत मडावी हळू आवाजात म्हणाले, “साहेब, शंभर पोती भिजून राह्यली. उद्या ट्रक पायजे.” ‘जमलं तर’ त्यांनी म्हटलं नाही. मग धानोरा बोललं, मग बाकीचे, आणि सगळ्यांत शेवटी चंद्रपूर. पाऊण तासात मीटिंग संपली. साहेब त्या फोनकडे असे बघत होते, की जणू त्यातून कोणी बाहेर येणार आहे.

मी दुसऱ्याच दिवशी फाइल पुढे केली. फोनसोबत आलेल्या इंग्रजी पुस्तिकेत ‘मॉडरेटर’ असा शब्द होता. त्याच्याखाली लाल रेघ मारली आणि टिपण लिहिलं, की सदर यंत्राच्या सुयोग्य वापराकरिता मॉडरेटरची नेमणूक आवश्यक असून अनुभवी कर्मचारी संस्थेत उपलब्ध आहे. साहेबांनी सही केली. मॉडरेटर म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं. बाई चंद्रपूरला परत आल्या. जिन्याखाली पाटी लागली. ती बघून त्या म्हणाल्या, “हे काय नाव होय? पंख्याचा पार्ट वाटते.”

तीन वर्षं सगळ्या मीटिंगा त्यांनी चालवल्या. त्यातल्या शेवटच्या वर्षी म्हातारी गेली. भांडायला कोणी उरलं नाही, म्हणून बाई आणखी तिखट झाल्या. मग निवृत्त होऊन मुलाकडे भोपाळला गेल्या.

काही वर्षांनी कळलं, की त्या आजारी आहेत. मी मोबाइलवर फोन लावला. पलीकडचा आवाज अगदी मडावींसारखा झाला होता. मी घाबरून भडाभडा बोलत सुटलो. तब्येत, औषधं, ऑफिस, बाबाराव. त्यांनी मला मधेच थांबवलं.

“बाबू, आता दूर कोन हाये?”

“तुम्ही,” मी म्हणालो.

“मंग मले पयले बोलू दे.” श्वास घेऊन त्या म्हणाल्या, “थ्या दिवशी मी खोटं बोलनार होती. ‘आवाज नाई आला’ म्हननार होती. तू खुनवून राह्यला होता, पायलं मी. पन थो मडावी इतक्या वर्सात पयल्यांदा सोता बोलला होता. त्याले कसं तोडू?” आणि पुढे, “आन थो मॉडरेटरचा कागद तुयाच होता, थेबी आयकू आलं होतं मले. माया हातचा बोर्ड गेला, बाबू. कान नोते गेले.”

मी बोलायला तोंड उघडलं आणि फोन तुटला. पुन्हा लावला, लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यानं त्यांच्या मुलाचा फोन आला, आणि तो काय सांगणार हे मला त्याच्या पहिल्या श्वासातच कळलं. तेवढं ऐकायला बाईंनीच शिकवलं होतं.

मला जे सांगायचं होतं, ते माझ्याकडेच आहे. त्या दूरच्या होत्या, त्यांचं बोलणं आधी झालं, ते बरोबरच झालं. मी जवळचा. मी थांबतो.