शेगडीत गेलेली लोकसंख्या

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास तेनिंगआत्याने अख्ख्या वस्तीतली पोरं चहाच्या शेगडीत घातली.

मुद्दाम नाही घातली. कोळसा दमट होता, नगरपालिकेचा कारकून हामादी ली समोर स्टुलावर बसला होता आणि गप्पांना रंग चढला होता. आत्याने मागे न बघताच हात केला, "तो डबा सरकव रे इकडे." भिंतीशी डबे दोन होते. दोन्ही टोमॅटोचे, दोन्हींत वाळक्या काड्या. हामादीने हाताला लागला तो सरकवला. मग आत्या बोलत राहिली, मूठ मूठ काड्या पडत राहिल्या, वर निळी किटली खदखदत राहिली. पहिला ग्लास झाला, कडूजहर. दुसरा झाला, जरा बरा. तिसरा म्हणजे पुदिन्याचा आणि दांडग्या साखरेचा. त्याच्यासाठीच तर लोक पहिले दोन सोसतात. तो चढवताना आत्याने पुन्हा डब्यात हात घातला आणि बोटांना पत्रा लागला.

"ली," ती हळूच म्हणाली, "हा डबा कुठला?"

"तुम्हीच म्हणालात, डबा सरकव."

"डबा म्हणाले. कुठला ते म्हणाले नव्हते."

हामादीने शेगडीत वाकून पाहिलं. एक काडी अजून अर्धी शिल्लक होती. त्याने ती चिमटीत धरून फुंकून विझवली. "ही एक वाचली."

"कुणाची आहे ती?"

हामादीने ती उलटसुलट करून पाहिली.

झालं होतं ते असं. गुई-सेद नगरपालिकेच्या तेफेस वस्तीत पोरं मोजत नाहीत. बोट दाखवून एक, दोन, तीन केलं की नको तो ऐकतो आणि त्यातलं एखादं उचलून नेतो. विचारायचंच झालं तर 'तुमच्याकडे देवाच्या काड्या किती' असं विचारायचं. हामादी राजधानीत तिसऱ्या मजल्यावर वाढलेला. हे शहाणपण जिना चढून त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. महिन्यापूर्वी तो वही घेऊन वस्तीत आला, म्हाताऱ्या म्बिसीनच्या अंगणात उभा राहिला आणि तिच्या नातवंडांकडे पेन रोखून मोठ्याने मोजू लागला. सातापर्यंत पोचला. मग म्बिसीन झाडू घेऊन त्याच्यापर्यंत पोचली.

त्यानंतर तो ज्या ज्या दारात गेला तिथे एकच उत्तर मिळालं, दोन. त्याच्या वहीप्रमाणे तेफेसमधल्या प्रत्येक बाईला दोनच मुलं होती. इतकं आटोपशीर कुटुंबनियोजन सरकारने स्वप्नातही पाहिलं नसेल. मोठ्या माणसांची मात्र अडचण नव्हती. त्यांनी ओळखपत्रं पुढे केली आणि आठशे सत्तर डोकी सुखरूप वहीत बसली.

घोडं अडलं होतं पोरांवर, आणि पोरांवर अडली होती सुईण. वस्तीच्या दवाखान्यात सुईण एकच, मादाम सांबू. नियम असा, की वस्ती पंधराशेची भरली तर दुसरी मिळेल. गेल्या पावसात दोन बायका एकाच वेळी अडल्या. एक आत टेबलावर, दुसरी बाहेर गळक्या पत्र्याखालच्या बाकावर. बाकावरचीच्या डोक्यावर छत्री धरून तेनिंगआत्या दोन तास उभी होती. आई वाचली, मूलही वाचलं, पण त्या दिवसापासून आत्या त्या बाकाकडे बघत नसे. समोरून जायची वेळ आली तर रस्ता बदलत असे.

आत्या ती सगळ्या वस्तीचीच होती. बापाच्या बहिणीला घरात कुणालाही कान धरून बोलायचा हक्क असतो, तोच हक्क वस्तीतल्या बायकांनी तिला वाटून दिला होता. पगार नाही. एक टोपी, एक छत्री आणि पोरांना लस दिली की नखावर खूण करायचं जांभळं पेन, एवढीच तिची सरकारी इस्टेट. पोटुशी बाई तपासणीला आली नाही, तर आत्या तिच्या दारात खुर्ची टाकून बसे आणि जेवणाची ताटं मांडली तरी उठत नसे. शेवटी नवराच हात जोडून म्हणे, "आत्या, हिला घेऊन जा, पण तेवढी मासळी आमच्यासाठी ठेवा."

तेव्हा काड्या गोळा करायला तीच निघाली. नऊ दिवस, घरोघर, डबा घेऊन. आई आतून येई, पोरागणिक एक काडी टाकी आणि दुसरीकडे बघे. आत्याही दुसरीकडे बघे. डबा हामादी कचेरीत नेणार आणि दार लावून मोजणार, असं ठरलं होतं. कागद शुक्रवारी वर जायचा होता. नाही गेला तर पुढच्या वर्षी.

आणि आज मंगळवार.

"अंदाजाने लिहू," हामादी म्हणाला. "सहाशे तीस लागतात. साडेसहाशे टाकतो."

"अंदाजाने पोरं होत नाहीत, ली. त्याला नऊ महिने लागतात. आणि वरून कुणी तपासायला आलं की पहिली काट त्या दुसऱ्या सुईणीवर."

"मग पुन्हा काड्या मागू."

"पहिल्यांचं काय झालं म्हणून सांगू? तुमची पोरं जाळली, आता नवी द्या?" आत्याने किटली खाली उतरवली. "सगळं तुझ्या हातून झालं. फायच्या घरात लीचा हात लागला की राख ठरलेलीच."

इथे कुणी दचकायचं कारण नाही. आत्या फाय, हामादी ली, आणि ही दोन थट्टेची घराणी. एकमेकांना गुलाम म्हणायचं, भातावरून टोमणे मारायचे आणि रागवायचं नाही. रागावला तो हरला.

"मालकिणीने सांगितलं, गुलामाने केलं," हामादी म्हणाला. "तिसरा ग्लास तरी द्या."

"ऊठ."

आत्या तडक म्बिसीनकडे गेली. गोष्ट आपोआप फुटली असती, तर वस्तीने तिला पुन्हा उंबऱ्यावर घेतलं नसतं, आणि फोडायचीच तर जिथून सर्वांत जास्त ऐकून घ्यावं लागेल तिथूनच सुरुवात केलेली बरी. म्बिसीन चटईवर बसून शेंगा सोलत होती. आत्याने सगळं सांगितलं. म्हातारीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"माझ्या काड्या कुठल्या ग्लासात गेल्या?" तिने विचारलं. "पहिल्या की दुसऱ्या?"

"ते नाही सांगता यायचं, माई."

"कडूत गेल्या असतील. आमचं नशीबच तसं." दोन शेंगा सोलून झाल्या. "पोरांच्या नावावर काही वाईट झालं तर दान करतात. तुझ्या आईने शिकवलं नाही का? पोरांनाच खाऊ घाल. एकूण एक पोराला. मग राखेचा दोष जातो."

"एकूण एक?"

"जळल्या एकूण एक, तर मग."

आत्या दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली. एकूण एक पोर, आणि प्रत्येकाला वाढायचा एक डाव. पोर मोजायचं नाही हे खरं, पण डाव मोजू नये असं कुणाच्याही आजीने सांगितलेलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी दवाखान्यासमोर तीन हंडे चढले. बाजरी आत्याची, कोठीतलं अख्खं पोतं. दही हामादीच्या मावशीच्या गायींचं, कारण आत्याने निरोपच तसा धाडला होता, 'डबा सरकवणाऱ्याने दही सरकवावं.' बाजरीची खीर, वर दही, वर साखर. वस्तीभर बातमी गेली, की आत्याने काड्या जाळल्या आणि आता भरपाई करते आहे. बायका चिडून आल्या, पोरांना रांगेत उभं केलं आणि आपणही भांडं घेऊन आल्या.

"मोठ्यांना नाही," आत्या ओरडली. "तुझी काडी नव्हती जळली, फातू. तू आधीच कोळसा आहेस."

ती डाव घाली, पोराच्या डाव्या करंगळीच्या नखावर जांभळी खूण करी आणि हामादी वहीत रेघ ओढी. एका आईने डोळे वटारले, "काय मोजतोस रे?"

"डाव, काकू. डावच मोजतोय."

पाठीवरच्या तान्ह्यांचा डाव त्यांच्या आयांनी खाल्ला. तीन कार्टी राखेने नखं घासून पुन्हा रांगेत आली. एकाचं तर कातडंच सोललं होतं. आत्याने त्याला आधी कानाखाली दिली, मग मलम.

दुपारी वेगळाच प्रश्न आला. रुळांपलीकडच्या वस्तीतली चाळीसेक पोरं वासाने खेचली जाऊन रांगेत येऊन उभी राहिली. हामादी आत्याच्या कानाशी वाकला. "यांनाही धरलं तर काम झालंच समजा. पोरांच्या तोंडावर वस्तीचं नाव थोडंच लिहिलंय?"

आत्याने रांगेकडे पाहिलं. त्या चाळिसांतल्या एकाच्याही जन्माला ती हजर नव्हती. "वाढ त्यांना," ती म्हणाली. "खूण नको, रेघही नको. त्यांचीही एक सुईण असेल, तिच्या वहीतली पोरं आपण का चोरायची?"

चार वाजता हंड्यांत तळाची खरवडच तेवढी उरली. हामादीने रेघा पाचापाचाने जोडल्या, पुन्हा जोडल्या आणि तोंड पाडलं. सहाशे अठ्ठावीस.

"दोन कमी."

आत्या मटकन बसली, आणि बसली ती नेमकी त्या बाकावर. तिच्या ते लक्षातही आलं नाही. हामादी मात्र वही चाळत होता, महिन्यापूर्वीच्या पानापर्यंत गेला आणि आवाज उतरवून म्हणाला, "आत्या, म्बिसीनआजीच्या अंगणात मी सात मोजले होते. झाडू बसेपर्यंत. आज चारच आले."

आता हे विचारायचं कसं? विचारणं म्हणजेच मोजणं. आत्या उठली, शेवटचा हंडा काखोटीला मारला आणि म्हातारीच्या दारात गेली. हामादी बारा पावलं मागे. झाडू कोपऱ्यातच होता.

"माई, खरवड उरली आहे," आत्या आत न बघता म्हणाली. "खाणारं आहे का कुणी?"

म्बिसीनने तिच्याकडे पाहिलं, मग हामादीकडे. त्याने लगेच आभाळाकडे पाहिलं.

"सगळी भांडी एकाच दिवशी उन्हात मांडत नाहीत," म्हातारी म्हणाली. "पण खरवडीला तीन तोंडं निघतील." तिने आत हाक दिली.

खरवड तीन डाव भरली. तीन नखं जांभळी झाली. हामादीने तीन रेघा ओढल्या आणि या वेळी मोजताना ओठही हलवले नाहीत.

शुक्रवारी कागद गेला, पंधराशे एक. साडेतीन महिन्यांनी दुसरी सुईण आली, न्दुम्बे नावाची, बारीक आणि फटकळ. तिच्यासाठी आतली अडगळीची खोली रिकामी केली, टेबल आणलं. बाकावर आता नवरे बसतात आणि एकमेकांना धीर देण्याच्या नावाखाली फुटबॉलवर भांडतात. आत्या सरळ त्यांच्या समोरून जाते.

हामादी महिन्यातून एकदा वही घेऊन येतो, नवे जन्म लिहायला. काम झालं की स्टूल ओढतो. "मालकीणबाई, माझा तिसरा ग्लास राहिलाय."

"कोळसा दमट आहे," आत्या म्हणते.

"काड्या आहेत ना?"

"एक आहे. अर्धी." ती अर्धी काडी तिने टोपीच्या पट्टीत खोचून ठेवली आहे. कुणाची ते अजून कळलेलं नाही, त्यामुळे ती कुणाला परतही देता येत नाही. "कळलं की सांगेन. मग बघू तुझ्या चहाचं."