पट्टीने उलटलेली पानं

माणसाचा अपमान करायला फार सामग्री लागत नाही. आमच्या मराठीच्या सरांना एक फूटपट्टी पुरली. लाकडी, बारा इंची, एका कडेला पत्र्याची बारीक धार बसवलेली. त्यांनी ती मला मारण्यासाठी कधीच वापरली नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणारा उगाच वळ शोधत बसायचा.

मी सातवीत होतो. दुष्काळ नुकताच सरला होता आणि सोलापुरात माणसं पुन्हा एकमेकांशी पाण्याखेरीज इतर विषयांवर बोलू लागली होती. आम्ही पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलणारे. वडील, म्हणजे आमच्या भाषेत नायना, एका चादरीच्या कारखान्यात सूत रंगवायचे काम करत. आमच्या आळीतली बहुतेक मुलं जवळच्या तेलुगू शाळेत जात. मला मात्र नायनाने गावातल्या मराठी शाळेत घातलं. मराठी चांगलं आलं की पोरगा कचेरीत खुर्चीवर बसेल, असा त्याचा हिशेब. खुर्चीचा मान त्याला फार. स्वतः तो दिवसभर हौदाशी उभा असे.

रविवारी मी त्याच्या हाताखाली जाई. सुताच्या लड्या रंगाच्या हौदात काठीने फिरवता येतात, पण पिळायला काठी चालत नाही. एका टोकाला नायना, दुसऱ्या टोकाला मी, आणि मधे ओल्या दोरखंडासारखी लालभडक लडी. संध्याकाळपर्यंत माझे हात कोपरापर्यंत लाल होत. शनिवारपर्यंत ते थोडे फिके पडत आणि रविवारी पुन्हा लाल होत.

आणि शाळेत हात तपासायचा वार होता सोमवार.

हे सर म्हणजे शाळेचं भूषण. टेरिलीनचा कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक फक्त दिसण्यासाठी. बोलू लागले की वाक्य संपताना किंचित थांबत. टाळीला जागा सोडण्याची सवय त्यांना व्याख्यानांमुळे लागली होती, आणि वर्गात टाळ्या कुणी वाजवत नसल्यामुळे त्या जागा रिकाम्याच राहत. जुलैतल्या एका सोमवारी रांगेतून येता येता ते माझ्यापाशी थांबले.

"हे काय?"

"रंग आहे सर."

"रंग आहे ते दिसतंय. होळी होऊन चार महिने झाले."

इथे मात्र त्यांची रिकामी जागा भरली. वर्ग खदखदून हसला.

"धुतले नाहीस?"

"धुतले सर. निघत नाही."

"निघत नाही म्हणे! वर्गात स्वच्छ मुलं बसतात, त्यांनी काय करायचं? बाकावर उभा राहा. हात वर. सगळ्यांना नीट बघू दे."

तास संपेपर्यंत मी हात वर करून उभा होतो. समोरच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता. रडायचं नसेल तर काहीतरी वाचत राहावं, हा शोध मला त्या दिवशी लागला. वाचनाची गोडी कशी लागली, असं पुढे मला कुणी कुणी विचारलं, तेव्हा हे उत्तर मी दिलं नाही. पंढरपूर, माळशिरस, करमाळा. सगळ्यांत सोयीचं केम. दोनच अक्षरं. हसणं वाढलं की मी केम वाचत असे. आजतागायत मी केमला उतरलेलो नाही, पण त्या गावचे माझ्यावर उपकार आहेत.

त्यानंतर पट्टी सुरू झाली. सर वह्या तपासताना इतरांची पानं बोटांनी उलटत, बोट जिभेला लावून. माझी वही आली की फूटपट्टी घेत, तिची धार पानाखाली सरकवत आणि पान उलटत. अगदी सफाईने. वही पुढे करायची असेल तर तीही पट्टीनेच सरकवत. पहिल्या खेपेला वर्ग हसला. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कुणी हसलं नाही. मला ते जास्त झोंबलं. हसणं थांबलं, म्हणजे आता ते सगळ्यांना रीतसर वाटू लागलं होतं.

माझ्या बाकावर एका टांगेवाल्याचा मुलगा बसे. तो म्हणाला, "तुला निदान पट्टी तर हाय की. माझी वही सर उघडतच न्हाईत."

"मग तू घे पट्टी."

"नको बाबा. मी हाय असाच बरा. लई सुख हाय."

त्याचं सुख मला परवडणारं नव्हतं. मला वही तपासून हवी होती, आणि बोटांनी. एवढीच माझी मागणी होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. नायनाला तर मुळीच नाही. ज्या शाळेसाठी त्याने चार घरची बोलणी खाल्ली, तिथे आपल्या पोराला पट्टीने शिवतात हे त्याला कळू द्यायचं नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं.

एका रविवारी मी कारखान्यातली ब्लीचिंग पावडर घेऊन हात घासले. रंग तसाच राहिला, कातडं सोललं. नायनाने हात पाहिले.

"हे कशाला?"

"खाज येत होती."

त्याने खोबरेल लावलं आणि लावता लावता म्हणाला, "हा रंग निघायचा नाही. हात धुऊन निघाला, तर चादर धुऊनही निघेल. मग रंगाऱ्याला कोण उभं करील?" तो समजूत घालत नव्हता, धंद्यातली गोष्ट सांगत होता. पण मला ती पुरली. पुढच्या सोमवारपासून माझा नंबर यायच्या आधीच मी हात पुढे करून उभा राहू लागलो. तळवे वर, मग तळवे खाली. सर "हं" करून पुढे जात. बाकावर उभं करणं त्यांनी सोडलं. दाखवायला जो स्वतःच तयार आहे, त्याला दाखवण्यात मजा नसते. पट्टी मात्र चालू राहिली.

दिवाळीनंतर त्यांनी श्रमाच्या महत्त्वावर निबंध घातला. माझा पहिला आला. उत्तम निबंध वर्गात मोठ्याने वाचायची पद्धत होती. माझा वाचला दुसऱ्या एका मुलाने. सरांनी वही पट्टीने त्याच्याकडे सरकवली. "कष्टाने रंगलेले हात हेच खरे अलंकार होत," हे वाक्य त्याने फार भावपूर्ण वाचलं. वाक्य सरांनीच फळ्यावर दिलेलं होतं.

जानेवारीत स्नेहसंमेलन आलं. पाहुणे माळशिरसकडचे, साखर कारखान्यातले कुणी संचालक. सरांकडे सत्काराची जबाबदारी. त्यांनी मला मधल्या सुट्टीत बोलावलं, आणि प्रथमच त्यांच्या आवाजात मऊपणा होता.

"तुझे वडील चादरीच्या कारखान्यात ना?"

"हो सर. रंगारी."

"वा! शाल काय, कुणीही देतं. आपण सोलापूरची चादर घालू. चांगलीशी लाल मिळेल ना तुमच्याकडून?"

"मिळेल सर."

"शाबास. आणि हे बघ, स्टेजवर तबक तूच धरायचंस."

मी घरापर्यंत पळत गेलो. नायनाने मालकांच्या कानावर घातलं आणि मालकांनी शाळेसाठी म्हणून चादर दिली. नायनाने ढीग उपसून, स्वतः रंगवलेल्या सुताची कोणती ते पाहून निवडली. संमेलनाच्या दिवशी त्याने खाडा केला. धुतलेला पायजमा, धुतलेला सदरा, टोपी. चादर त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून दोन्ही हातांवर आडवी धरून आणली, जसं तान्हं मूल आणतात. सरांना देऊ लागला तर सर म्हणाले, "ठेवा, ठेवा तिथं टेबलावर." मग नायना मांडवात सगळ्यांत मागे जाऊन बसला आणि त्याने मान उंच करून स्टेज नीट दिसतंय ना ते पाहून घेतलं.

पाहुणे दोन तास उशिरा आले. मोठेपणाचं ते एक माप होतं. वेळेवर येणाऱ्याला आम्ही एवढे फेटे बांधले नसते. मी तबक घेऊन पायरीपाशी उभा होतो. तबकावर पांढरा रुमाल, त्यावर चादर, नारळ, हार. सरांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि नजर हातांवर थांबली.

"अरे, फोटोग्राफर आहे. हे फोटोत कसं दिसेल?"

त्यांनी तबक माझ्याकडून काढून घेतलं आणि डॉक्टरांच्या मुलाकडे दिलं. ज्याने माझा निबंध वाचला होता तोच मुलगा. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याचे हात खरोखरच चांगले होते. तो फोटो पुढे कित्येक वर्षं ऑफिसात टांगलेला होता. काळा-पांढरा. त्यात कुणाच्याच हाताचा रंग दिसत नाही.

"या चादरीच्या धाग्याधाग्यात," सर माइकवर म्हणाले, "सोलापूरच्या कष्टकऱ्यांचे हात आहेत!" आणि थांबले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मागे वळून पाहिलं. नायनाही टाळ्या वाजवत होता, पण त्याची नजर स्टेजवर मला शोधत होती. पाहुणे दुपारच्या उन्हात ती जाड चादर पांघरून घाम पुसत श्रमावर बोलले. बोलणं बरंच लांबलं.

संपल्यावर नायना म्हणाला, "तुला का नाही दिलं तबक?"

"उंची कमी पडली."

आलोच आहे तर सरांना भेटूनच जातो, तो म्हणाला. मी नको नको म्हणत होतो तरी तो शिक्षकांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. सर खुशीत होते.

"या, या! चादर पाहुण्यांना फार आवडली बरं का."

"पोरगा कसा हाय सर अभ्यासात?"

"उत्तम! अक्षर तर बघा त्याचं." समोरच वह्यांचा गठ्ठा होता. त्यांनी माझी वही बोलता बोलता पट्टीने बाहेर ओढली, पट्टीने उघडली आणि एकेक पान उलटत राहिले. "हे बघा. हे बघा. शुद्धलेखन कसं आहे!" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मला वाटतं, आपण पट्टी धरली आहे हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं. ते मनापासून माझं कौतुक करत होते.

नायना अक्षराकडे पाहत नव्हता. पट्टी वर जाई, पान पलटे, पट्टी खाली येई, आणि त्याची मान तिच्यामागून हलत होती. त्याने दोन्ही हात हळूच पाठीमागे नेले.

"बरं हाय सर," तो म्हणाला. "येतो."

गिरणीचा भोंगा झाला तेव्हा आम्ही निम्म्या वाटेत होतो. त्याने विचारलं, "नेहमी असंच बघतात?"

"सगळ्यांच्याच वह्या तशा बघतात."

"हं."

पुढच्या रविवारी मी निघालो तर तो म्हणाला, "तू येऊ नकोस. अभ्यास कर."

"पिळायला कोण?"

"बघतो मी."

लडीचं एक टोक खुंटीला अडकवून तो एकटा पिळू लागला, असं पुढे कारखान्यातून कळलं. माझे हात तीन-चार आठवड्यांत निवळले. नखांच्या कडेचा लाल सगळ्यांत शेवटी गेला. त्यानंतरच्या सोमवारी सरांनी माझे तळवे पाहिले आणि वर्गाला दाखवले.

"बघा! मनावर घेतलं की होतं. आता कसे माणसाचे हात दिसतात." आणि त्या तासाला त्यांनी बोट जिभेला लावून माझ्या वहीचं पान उलटलं.

सात महिने मी याच गोष्टीची वाट पाहत होतो. या जागी मी वही ओढून घेतली, किंवा खिशातून माझी स्वतःची पट्टी काढून सरांपुढे धरली, असं लिहायचा मोह मला अनेकदा झाला आहे. तशा आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या शाळा बहुधा वेगळ्या असाव्यात. मी म्हणालो, "थँक्यू सर." आणि तेव्हा मला बरंही वाटलं. लाल हात पुढे करून उभा राहत होतो तेव्हा जे काही माझ्यापाशी होतं, ते त्या दोन शब्दांत गेलं, हे कळायला मला बराच काळ लागला.

मार्चअखेर प्रगतिपुस्तकावर सही हवी होती. नायना तेलुगूत सही करत असे, गोलगोल, सावकाश. एरवी तो पुस्तक मांडीवर घेऊन मजकूर लावत बसे. या वेळी त्याने आधी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, पुस्तक त्यावर ठेवायला मला सांगितलं, दुसरा एक कागद तळहाताखाली घेतला आणि फक्त पेनाचं टोक टेकवून सही केली. पान उलटायची वेळ आली तेव्हा तो थांबला.

"तू उलट," तो म्हणाला.

मी उलटलं. दुसरी सही झाल्यावर त्याने वाकून पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"डाग नाही ना पडला कुठं? बघ जरा नीट."

हा रंग निघत नाही, कशाला लागत नाही, हे सबंध पूर्व भागात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मी पान उजेडाकडे धरून पाहिलं आणि नाही म्हणून सांगितलं.