मधली रिळं

नागपूर स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि आधी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली. आपल्या कृष्णाकाठी डिसेंबरात जी पडते, तिला इथले लोक थंडी म्हणणार नाहीत. रिक्षावाले डोक्यावरून घोंगडी घेऊन हँडलवर ओणवे झाले होते. एकानं विचारलं, "कुठी जाता, भाऊ?" मी टॉकीजचं नाव सांगितलं.

"इतक्या सकाळी पिक्चर पाहाले?"

"पाहायला नाही, दाखवायला."

मी बी.ए. आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला. मास्तरकी मिळेना, टॉकीजात मशीनवर माणूस हवा होता, तिथं लागलो. काम नीट शिकलो, परवाना काढला. लोक हसतात, हसू देत. आमच्या मालकांच्या साडूंचं नागपुरात टॉकीज आहे. तिथला ऑपरेटर दवाखान्यात पडला आणि वर्षअखेरीला त्यांची अडचण झाली, म्हणून मालकांनी मला महिनाभरासाठी धाडलं.

अडचण वर्षअखेरीचीच का, ते मॅनेजर तिवारीजींनी पोहे खाताना सांगितलं. पोह्यांवर तर्री (तिखट लाल रस्सा) एवढी होती की खाली पोहे आहेत हे चमच्यालाच कळावं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात या टॉकीजात 'आवडीचा हप्ता' असतो. वर्षभरातले लोकांना आवडलेले सिनेमे रोज एक असे पुन्हा लावतात. लोक दाराशी ठेवलेल्या डब्यात चिठ्ठ्या टाकतात. मारामारीचा सिनेमा हमखास पहिला येतो, देवादिकांचा दुसरा. "लेकिन आखरी दिन ऑपरेटर का," तिवारीजी म्हणाले. "सालभर मशीन के पास जलता है बेचारा. एक दिन उसकी पसंद."

म्हणून त्याची पसंती विचारायला त्याच दिवशी धंतोलीत गेलो. तिथं घर कमी आणि दवाखाना जास्त. पायऱ्यांवर यवतमाळ, चांद्याकडची माणसं गाठोडी टेकून बसलेली. भिंतीच्या आडोशाला कुणाच्या स्टोव्हवर भात शिजत होता. बाजूलाच एक म्हातारा कुशीवर निजला होता, त्याचे डोळे उघडे होते.

ऑपरेटर नारायणभाऊ खाटेवर बसले होते, कारण आडवं झालं की दम लागायचा. घरचा धंदा मागाचा. वडिलांनी लुगडी विणली, यांनी माग सोडून मशीन धरलं. कार्बनच्या दोन कांड्या जाळून पडद्यावर उजेड पाडायचा आणि त्यांचा धूर त्या कोंदट खोलीत छातीत घ्यायचा, असं ते काम. मीही तेच करतो, म्हणून जास्त लिहीत नाही.

"तुमीच का ते बीए?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझी जागा घ्याले आले?"

"तुम्ही बरे होईपर्यंत सांभाळायला आलोय."

"अन् नाही झालो तं?"

मला गोडगोड बोलता येत नाही. म्हटलं, "तर मालक दुसरा माणूस बघतील. मी राहणार नाही."

त्यांच्या बायकोनं, कौसल्यावहिनींनी, माझ्याकडं असं पाहिलं की मी उठायच्या तयारीला लागलो. पण नारायणभाऊ हसले. "हा माणूस खरं बोलते वं. डॉक्टरपेक्षा बरा हाय. बस गा."

शेवटच्या दिवसासाठी त्यांनी जो सिनेमा सांगितला, त्याचं नाव मी लिहीत नाही. मला तो सामान्य वाटला होता. एक बाई सुरुवातीला मोटारीतून हिंडते, मग ती एकदम तुरुंगात दिसते, आणि शेवटी देवळाच्या पायरीवर.

"हाच का?" मी विचारलं.

"मधात (मध्ये) का होते ते पाहाचं हाय."

"एवढ्यांदा दाखवलात तरी माहीत नाही?"

"तुमाले असते मालूम?"

मलाही नसतं. वाचकांना वाटतं ऑपरेटर फुकटात सिनेमे बघतो. एका मशीनवर रीळ चालू असतं तेव्हा आम्ही उतरलेलं रीळ उलटं गुंडाळतो, दुसऱ्या मशीनवर पुढचं भरतो, आणि नजर पडद्यावर नाही, कांड्यांच्या टोकावर ठेवतो. रिळाची सुरुवात दिसते, शेवट दिसतो. मधलं आमच्या पाठीमागं होऊन जातं.

"मी मनानंच लावून ठेवलं," नारायणभाऊ म्हणाले. "भावानं गुन्हा केला, तिनं आपल्या अंगावर घेतला. पण एक डाव खुर्चीत बसून पाहाचं हाय. पब्लिक पाहते तसं."

बाहेर वहिनी म्हणाल्या, "डॉक्टर म्हणते, संक्रांत निघाली तं खूप झालं. हलवू नका म्हणते. मी आणतो त्याईले." इकडं बायकाही 'आणतो' म्हणतात. "तुमी फक्त तो पिक्चर लावा."

पुढचे दिवस मशीनखोलीत गेले. सकाळी तेवढा मोकळा असे, तेव्हा गांधीबागेत हिंडायचो. कापडाच्या पेढ्यांपुढं डागी लुगडी विकणारा एकजण रोज बसे. "घे वं माय, हे नेसशील तं सासू ओळखणार नाही, अन् नवरा ओळखला तं पैसे वापस!" बायका पदर तोंडाशी धरून हसत. यंदाची माझी आवड विचाराल तर डब्यातल्या एकाही सिनेम्यापेक्षा हा माणूस वर. एकदा वहिनींनी घरून पाटोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची आमटी) पाठवला. आपण तिखट खातो असं मी समजत होतो. नाकाडोळ्यांतून पाणी काढत खाल्ला. दवाखान्यात नारायणभाऊंना तो चालत नव्हता, तरी डबा त्यांनीच सांगून पाठवला होता.

दरम्यान तिवारीजींनी कायमचं राहायला सुचवलं. मी नाही म्हटलं. त्या खोलीत रात्रीचा खोकला मलाही सुरू झाला होता.

शेवटच्या दिवशी अमरावतीहून रिळांच्या पेट्या आल्या. प्रिंट पार झिजलेली, जागोजाग जोड. दुपारचा खेळ होता. खिडकीतून पाहिलं. वहिनी आणि रिक्षावाला नारायणभाऊंना दोन्ही बाजूंनी धरून आणत होते. शाल, मफलर, त्यात चेहरा एवढासा. कडेच्या खुर्चीवर बसवलं. त्यांनी एकदा वळून माझ्या खिडकीकडं पाहिलं आणि मग पडद्याकडं तोंड केलं.

अर्ध्या तासात फिल्म तुटली. मशीन थांबलं की मगच आम्हाला खालचं ऐकू येतं. "ए ऑपरेटर, झोपला का बे?" शिट्ट्या, बाकांवर लाथा. त्यात एक घोगरा आवाज सगळ्यांच्या वर होता: "अबे लाव ना लवकर! पैसे देल्ले आमी!" तो नारायणभाऊंचा होता. मी जोड मारला आणि मशीन सुरू केलं.

मध्यंतरात धावत खाली गेलो. रुमाल त्यांनी मुठीत लपवला. लाल डाग बाहेर राहिला.

"भावाचा गुन्हा नोहे गा," ते म्हणाले. "नवऱ्याचा हाय. माझंच बरं होतं."

"घरी जायचं?"

"नाही. आता तुरुंग येते. ती सुटते कशी ते पाहाचं हाय."

घंटा झाली, मी वर पळालो. खेळ संपून दिवे लागले तेव्हा खुर्ची रिकामी होती. दारवान म्हणाला, "तुरुंग सुरू झाला अन् त्याईले खोकला सुटला. थांबेच ना. बाईनं रिक्षा बोलावली."

सकाळी धंतोलीत गेलो. नाकाला नळी होती. वहिनी पायाशी बसलेल्या. नारायणभाऊंनी नळीच्या बाजूनं शब्द काढले, "कशी सुटली?"

मी आठवून पाहिलं. तुरुंगाचा दरवाजा आठवला, देवळाची पायरी आठवली.

"माहीत नाही," मी म्हणालो. "रीळ भरत होतो."

वहिनी डोळ्यांनी मला विनवत होत्या. काहीतरी जुळवून सांगणं मला जड नव्हतं. पण नारायणभाऊंनी पहिल्याच दिवशी मला खऱ्या बोलण्यावर बसवून घेतलं होतं. ते आवाज न करता हसले, खांदे तेवढे हलले.

"मंग माझंच राहू द्या," ते म्हणाले. "भाऊ येते. म्हणते, मी केलं, इले सोडा."

"गुन्हा तं नवऱ्याचा होता ना," वहिनी म्हणाल्या. "मंग भाऊ काहून येईन?"

"येते," ते म्हणाले. "भाऊ हाय."

संक्रांतीच्या आधीच ते गेले. मी खांदा दिला, नवा माणूस येईपर्यंत मशीन चालवलं आणि गाडीत बसलो. वहिनींनी वाटेसाठी संत्री बांधून दिली होती. ती वाटभर खात आलो. इतकी वर्षं लोकांना सिनेमे दाखवले, पण एका माणसाला एक सिनेमा पुरता दाखवता आला नाही, हे मनातून जाईना. अजूनही गेलेलं नाही.

गेल्या महिन्यात तो सिनेमा मिरजेला लागला. सुट्टी काढली, रांगेत उभा राहून तिकीट काढलं, खुर्चीत बसलो. मध्यंतर झालं. तुरुंगाचा दरवाजा दिसला, तसा उठून बाहेर आलो.

दाराशी तिकीट फाडणारा म्हणाला, "काय पावणं, आवडला नाही व्हय?"

म्हटलं, "पुढचं मला माहीत आहे."