आईची गार गाडी: कऱ्हाटी ते लोणी देवकर

मे महिन्यातल्या एका पहाटे आम्ही खडकीहून निघालो, तेव्हा निम्मी आळी दारात उभी होती. गाडी सुरू होते की नाही, हे त्यांना पाहायचं होतं. वडिलांनी सैन्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर लिलावात घेतलेली, बोटीएवढी लांब, फिकट निळी अमेरिकन गाडी. वडील गेले, गाडी राहिली. तिला मूळचा एसी होता आणि सगळा प्रवास त्या एसीच्या भरवशावर ठरला होता.

कारण आईला उन्हात घाम येत नाही. मी लहान असताना स्टोव्हचा भडका उडून तिची पाठ, दोन्ही हात, मान आणि डावा गाल भाजला. जखमा भरल्या, पण त्या कातडीला घाम सुटेना. उन्हात अंग तापत जातं आणि भोवळ येते. त्यामुळे माहेरची उन्हाळ्यातली लग्नं तिला कधी घडलीच नाहीत. या वेळी तिच्या धाकट्या भावाच्या, यशवंतमामाच्या मुलीचं लग्न इंदापूरजवळ लोणी देवकरला होतं. मामाचा फोन आला, "ताई, ऊन लई हाय. तू न्हाय आलीस तरी चालंल."

आईने फोन ठेवला. "दर खेपंला उनाची भीती घालतात. ह्यांना भ्या उनाचं न्हाय, माज्या तोंडाचं हाय. पाव्हण्यांनी बघू नये म्हनून. मी जानार."

"भाड्याची गाडी आणू?"

"दारात आपली असताना?"

जेजुरी मागे पडली आणि माळ सुरू झाला. दोन्ही बाजूंना करपलेलं गवत, बाभळी, मधूनच विहिरीच्या आधाराने तग धरलेला हिरवा तुकडा. आत मात्र गारवा होता. कऱ्हाटीला सखूमावशीला, म्हणजे आईच्या थोरल्या बहिणीला, घ्यायचं होतं. तिने हुलग्याचं माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ, तिखट आमटी) आणि भाकरी वाढली. गाडीत बसताना ती म्हणाली, "आगं, ही तर माज्या घरापरीस मोठी हाय!"

कऱ्हाटी सोडून थोडं पुढे गेलो आणि बॉनेटखालून किंचाळल्यासारखा आवाज आला. जळक्या रबराचा वास पसरला. एसीचा कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) जागच्या जागी जाम झाला होता आणि त्यावरचा पट्टा घासून धुमसत होता. मी पट्टा कापून टाकला. इंजिन चालू राहिलं, एसी मेला. काचा खाली केल्या तर भट्टीचा वारा आत आला. मावशी ओला टॉवेल आईच्या पाठीवर दाबून धरत होती. बारामती येईपर्यंत आईचा चेहरा लालभडक झाला होता.

"मागं फिरू या?" मी विचारलं.

"पुढं बघून चालव."

बारामतीत बर्फाच्या कारखान्याला लागून एक गॅरेज दिसलं. कारखान्यातल्या माणसाने काही न विचारता दारात दोन खुर्च्या टाकल्या. बर्फाच्या गारव्यात आई जरा सावरली. गॅरेजवाले दिनकरतात्या बॉनेटमध्ये वाकले.

"ह्याचा जीव गेला. असला कॉम्प्रेसर आता कुठं मिळायचा? काडून टाका समदं. गाडी हलकी हुईल."

"दुसऱ्या गाडीचा बसेल का?"

"बसवायची जागाच येगळी. कशाला हट्ट करताय?"

आईने खुर्चीतूनच आवाज दिला, "हट्ट माजा हाय, तात्या. त्याला न्हाय, मला बोला."

तात्यांनी हात पुसले. मग गॅरेजच्या मागे गेले. तिथे अपघातात चेपलेली एक जीप पडून होती, तिचा कॉम्प्रेसर शाबूत होता. "चालंल असं म्हनत न्हाय. बघू," म्हणाले.

मग आमची दोघांची झटापट सुरू झाली. कॉम्प्रेसर बसवायच्या पट्टीसाठी पुठ्ठ्याचा साचा मी कापला, त्यावरून तात्यांनी लोखंडी पट्टी कापून वेल्डिंग केलं. ट्रॅक्टरचे होज, म्हणजे जाड रबरी नळ्या, बनवणाऱ्याकडून नवे पाइप करून आणले. इंजिन सुरू केलं आणि पट्टा फाडकन उडून तात्यांच्या कानाजवळून गेला. पट्ट्याच्या दोन्ही पुली एका रेषेत नव्हत्या.

"बघा! सांगत हुतो!" तात्या ओरडले.

"पट्टी तुम्हीच जोडलीत!"

"साचा तुमचा हुता!"

भांडतच आम्ही पट्टी सोडवली, मागे वॉशर घातले, पुन्हा आवळली. ऊन उतरेपर्यंत पट्टा ठरला. पाइपांमधली हवा खेचून काढली, गॅस भरला. हळूहळू एका पाइपावर पाण्याचे थेंब धरले. आईने गाडीत बसून एसीच्या झडपेसमोर तळहात धरला. "पयल्यागत न्हाय," ती म्हणाली, "पन भागंल."

लग्न दुसऱ्या दिवशी होतं, म्हणून रात्री कऱ्हाटीला मावशीकडे परतलो आणि सकाळी पुन्हा निघालो. बारामती, भिगवण, मग सोलापूर रस्ता. उसाची शेतं, लांबवर उजनीचं चकाकणारं पाणी. लोणी देवकरच्या मांडवापाशी मामा पुढे आला. गाडी पाहून चपापला.

"ताई! बरं झालं. आत खोलीत बस, तितं पंखा हाय."

"आत बसाया आले व्हय मी?"

लग्नाची वेळ होईपर्यंत ती लिंबाखाली चालू गाडीत बसली. बुद्धवंदनेचा, त्रिशरणाचा आवाज आला तशी उतरली आणि पांढऱ्या साडीचा पदर गालावर न ओढता पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिली. लोक बघत होते. मला भीती वाटत होती. ती मात्र मान ताठ ठेवून, शेवटचं फूल टाकेपर्यंत हलली नाही.

परत गाडीत येऊन तिने डोळे मिटले, तोच काच वाजली. नवऱ्या मुलाची आई होती. "आत येऊ का? बाहेर जीव चाललाय." बसली आणि सरळ विचारलं, "कशानं भाजलं वं?"

"स्टोव्हनं."

"दुखतं का आजून?"

"न्हाय. नुसतं तापतं."

"मग बसा निवांत. आपन हितंच जेवू."

पाठोपाठ तिची जाऊ आली, मग आणखी दोघी. मावशीने बुंदीचं ताट आत घेतलं. जरा वेळाने विहिणीला शोधत मामा घामाघूम होऊन आला. आईने काच चार बोटं खाली केली.

"जागा न्हाय, यशवंता."

आत हशा पिकला. मामाही हसला, पण खाली बघत.

पुण्यात जुन्या गाड्यांचे शौकीन अजून मला बोल लावतात. मूळ यंत्र शोधायला हवं होतं, तू गाडीची किंमत घालवलीस म्हणतात. मी त्यांना बॉनेट उघडून ती ओबडधोबड पट्टी मुद्दाम दाखवतो. गाडी प्रदर्शनात उभी करायची नव्हती, लोणी देवकरला पोचायचं होतं. आम्ही पोचलो.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी आईने मामाला फोन लावला.

"तुज्या धाकट्या पोराचं लगीनबी वैशाखातच धर," ती म्हणाली. "थंडीत न्हाय यायची मी."