मान मोकळी करणारा

मोगलाईत मी तहसिलीत कारकून होतो तेव्हाची गोष्ट. आष्टीच्या बाजारातून परतताना बैलगाडीत समोर बसलेल्या घोंगड्या विणणाऱ्याला मी पान दिलं. त्याने नकाराची मान हलवली, म्हणून हात मागे घेतला; तोच त्याने होकाराची हलवली. असं पान दोनदा पुढे-मागे झालं.

"खाली ठिवा, मुन्शीजी. मान मोकळी करतोय मी."

मागावर वाकून वाकून त्याचं डोकं मानेपासून उठायचं. डोकं उठलं की माग बंद, माग बंद की घरात ज्वारी नाही. म्हणून आता तो अधूनमधून मागावरून उठे, भिंतीला पाठ लावून खांदे मागे घेई, तहान नसली तरी पाणी पिई. ओढ्यावर गाडी थांबली तेव्हाही त्याने पंचा भिजवून शांतपणे मानेवर ठेवला. डोकं माझंही दुखत होतं; मी मात्र डोक्याला फडकं आवळून सगळ्या जगावर रागावलेला.

"मग गेलं का दुखणं?"

"न्हाई. पयले मालकावानी ऱ्हायचं, आता पाव्हण्यावानी येऊन जातंय."

घरी पोचताच मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रोज करा. तुमचं डोकं दुखतं तवा लेकरं बी दबकून खेळत्यात."