केसभर आखूड काटा

मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत माझ्या साडूंइतका संताप आणणारा माणूस दुसरा नाही, आणि असलाच तर त्याच्या नातेवाइकांबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे. माझा रक्तदाब वाढलाय हे कळल्यावर डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. मी मीठ कमी केलं. साडू कमी करता येत नाहीत. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. विमा कचेरीत आयुष्यभर नोकरी केली, गिरगावातली खोली विकून भाईंदर पश्चिमेला दोन खोल्यांचं घर घेतलं, आणि वर जे काही उरलं त्यातून कुठल्याही शहाण्या माणसाने खिडक्यांना जाळ्या बसवल्या असत्या. साडूंनी स्वित्झर्लंडचं किल्लीचं घड्याळ घेतलं. पुढची अकरा वर्षं त्यांच्या स्वयंपाकघरात कबुतरं अंडी घालत होती आणि माझी मेहुणी हातात केरसुणी घेऊन कणीक मळत होती. "अगं, आतली चक्रं एकदा बघ तरी," असं ते तिला म्हणायचे. तिने ती कधीच बघितली नाहीत. तीन वर्षांपूर्वी ती गेली. मुलगा बंगळुरूला असतो, त्यामुळे आता त्या घरात साडू, घड्याळ आणि कबुतरं एवढेच राहतात.

साडू माणसाशी हात मिळवतात ते मैत्रीसाठी नाही. एकदा पंजा ताब्यात आला की दुसऱ्या हाताने ते समोरच्याची बाही वर सारतात आणि मनगटाची तपासणी करतात. त्यांच्या लेखी जगात माणसांच्या दोनच जाती, किल्लीची आणि सेलची. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मुलाने दुबईहून आणलेलं चकचकीत स्मार्ट घड्याळ हौसेने पुढे केलं, तर हे म्हणाले, "छान आहे. पण हे घड्याळ नाही, मनगटाला बांधलेला मोबाइल आहे." सेक्रेटरींनी त्यानंतर आमच्या घरातली गळती दुरुस्त करायला सात महिने लावले. शिक्षा मला! रोज सकाळी आंघोळ झाली की साडू पाटावर बसून घड्याळाला किल्ली देतात. त्या वेळी कोणी बोलायचं नाही, पंखा लावायचा नाही. बोटांना शेवटचा अटकाव जाणवला की थांबायचं, त्याच्या पुढे अर्धा फेरासुद्धा नाही. एवढं झाल्यावर किती वाजले हे मात्र ते मोबाइलवर बघतात. याचा जाब मी एकदा विचारला. "वेळ काय, कोणीही सांगतो," असं उत्तर मिळालं.

एका रविवारी मी त्यांना मासे आणायला घेऊन गेलो, ही माझीच चूक. डोंगरीहून येणारी एक म्हातारी कोळीण बाजारात बसते, तिच्या मनगटावर एक जुनाट, बंद पडलेलं पुरुषी घड्याळ होतं. साडू तिच्यासमोर उकिडवे बसले आणि घड्याळाकडे टक लावून बघत राहिले. मागे रांग वाढत होती. शेवटी ती वैतागली. "काय रं दादा, बोंबील घ्याचं हाय का घड्याल बघाचं हाय? नवऱ्याचं हाय त्ये. चालत न्हाय." साडूंनी ते तिच्याकडून मागून घेतलं, स्टेशनजवळच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेलं, दोन तास त्याच्या टेबलापाशी बसून साफ करून घेतलं आणि चालू करून तिला परत दिलं. ती घड्याळ कानाला लावून रडली म्हणे. मला काय त्याचं? मी पिशवी घेऊन ताटकळत होतो, बोंबील संपले होते, आणि आमच्याकडे त्या दिवशी दुधी झाला.

पण हे सगळं मी पोटात घालत आलो. जे पोटात गेलं नाही ते माझ्या निवृत्तीच्या समारंभापासून सुरू झालं. ऑफिसने मला एक सोनेरी घड्याळ भेट दिलं. भाषणं झाली, आणि पहिल्या रांगेत बसलेले साडू उठून थेट स्टेजवर आले. त्यांनी माझ्या हातातून घड्याळ घेतलं, कानाशी धरलं आणि खेदाने मान हलवून म्हणाले, "सेलचं आहे." माइक चालू होता. साहेबांच्या चेहऱ्याकडे बघण्याची मला आजही हिंमत होत नाही, त्यांचा फोटो असला तरी.

त्या रात्री माझी मुलगी केतकी हसून हसून बेजार झाली होती. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "बाबा, कॅनडाला जायच्या आधी मी तुला खरं घड्याळ घेऊन देणार. काकांनी निवडलेलं. आणि मी स्वतः तुझ्या हातावर बांधणार." तिला तिकडे नोकरी लागली होती, निघायला पाच महिने होते. मला घड्याळाची काडीची हौस नव्हती. पण लेक परदेशी जाण्याआधी आपल्या हाताने बापाच्या मनगटावर काही बांधणार, ही गोष्ट मला एवढी हवीशी वाटली की मी तिला नको म्हणालोच नाही.

साडूंनी काम अंगावर घेतलं. दोऱ्याने माझं मनगट मोजलं, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी, कारण संध्याकाळी मनगट सुजतं. आणि दर शनिवारी दुपारी चार वाजता आम्ही काशिमीऱ्याच्या हमरस्त्यावरच्या एका थंडगार शोरूममध्ये जायला लागलो. तिथे पांढरे हातमोजे घातलेली एक मुलगी मखमलीच्या तबकात घड्याळं आणून ठेवायची. साडूंचा नियम असा की घड्याळ मनगटावर चढवलं की पाच मिनिटं अवाक्षर बोलायचं नाही. "त्याला तुमची सवय होऊ दे, साडूभाऊ." मी त्या खुर्चीत पाच पाच मिनिटं मुका बसायचो. मग ते भिंग काढायचे आणि नकार द्यायचे. एकाच्या डायलवर तारखेच्या खिडकीने तीनचा आकडा खाल्ला होता. एक माझ्या मनगटावर ताटलीसारखं दिसत होतं. एकाचं मागचं झाकण काचेचं होतं, पण आतली चक्रं त्यांना आळशीपणे घासलेली वाटली. एकाचा आवाज त्यांना आवडला नाही. मग समोरच्या टपरीवर दोन कटिंग, आणि त्या चहाबरोबर नाकारलेल्या घड्याळाचं सविस्तर शवविच्छेदन. असे एकोणीस शनिवार गेले.

शेवटच्या शनिवारी केतकी आमच्याबरोबर आली. तिचं विमान बुधवारी होतं. त्या दिवशी तबकात एक साधं घड्याळ आलं. लहान, मलईच्या रंगाची डायल, तारीख नाही, बडेजाव नाही, रोज हाताने किल्ली द्यायची. मी ते चढवलं आणि पाच मिनिटं कशी गेली कळलं नाही. पहिल्यांदाच मला एक घड्याळ आवडलं होतं! केतकीने कार्ड बाहेर काढलं. साडूंनी भिंग डोळ्याला लावलं, खूप वेळ बघितलं आणि म्हणाले, "नको. सेकंदाचा काटा बाहेरच्या रेषेपर्यंत पोचत नाही. केसभर आखूड आहे."

"काका, केसभर म्हणजे किती? मला तर काहीच दिसत नाही."

"एकदा दिसलं की बाबांना रोज दिसेल, बेटा. पुढच्या शनिवारी बघू."

पुढचा शनिवार केतकीकडे नव्हता. कार्ड परत पर्समध्ये गेलं. बुधवारी विमानतळावर तिने माझं रिकामं मनगट क्षणभर हातात धरलं आणि सोडलं. टॅक्सीतून परत येताना मी साडूंना फोन लावला आणि जे बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेऊन मला पाणी दिलं. साडू पलीकडून फक्त "हो, हो" करत होते. त्यानंतर तीन महिने मी त्यांचं तोंड बघितलं नाही. बायको "एकटे असतात हो ते" म्हणाली की मी पेपर तोंडासमोर धरायचो.

मग एका मंगळवारी मी एकटाच शोरूममध्ये गेलो. काटा आखूड तर आखूड, माझ्या मुलीने घेऊ केलेलं तेच घड्याळ घेऊन तिला फोटो पाठवायचा असं ठरवलं होतं. हातमोजेवाल्या मुलीने मला ओळखलं. "अंकल, आप अकेले? वो दूसरे अंकल तो हर सॅटरडे आते हैं. वही घडी मंगवाते हैं, देखते हैं, और बोलते हैं किसी को बेचना मत, मेरे साडू का है."

"लेकिन उसका काटा छोटा है ना?" मी विचारलं.

ती गोंधळली. तिने दुकानातलं भिंग मला दिलं. मी बघितलं. काटा रेषेला बरोबर टेकत होता, तसूभरही कमी नाही. "वो अंकल बोलते हैं, ये पूरे दुकान में सबसे परफेक्ट पीस है."

मी रिक्षा केली आणि तडक भाईंदरला गेलो. रस्ताभर मेट्रोच्या खांबांशी भांडत होतो. साडूंनी दार उघडताच मी सुरुवात केली. "खोटं बोललात तुम्ही! माझ्या पोरीसमोर खोटं बोललात!" त्यांनी नाकारलं नाही. पलंगाच्या कडेला बसून ते म्हणाले, "हो. त्या काट्यात काही खोट नाही. इतक्या वर्षांत एका चांगल्या घड्याळाबद्दल मी पहिल्यांदाच वाईट बोललो, साडूभाऊ. झोप लागत नाही मला." बघा! माझ्या मुलीची इच्छा राहिली त्याचं नाही, घड्याळाची बदनामी झाली त्याचं दुःख!

"का पण? का?" मी ओरडलो.

त्यांनी चादरीची सुरकुती हाताने सारखी केली. "तुमचं घड्याळ घेऊन झालं असतं. मग शनिवारी कशाला आला असता तुम्ही?"

"मला सरळ सांगायचंत ना."

"काय सांगायचं? या म्हणून?"

हे ऐकून मी आणखीच चिडलो.

पुढच्या शनिवारी आम्ही ते घड्याळ घेतलं. केतकी फोनवर होती. तिच्याकडे नुकतं उजाडलं होतं, खांद्यावर शाल ओढून ती डोळे चोळत बघत होती. पट्टा साडूंनी बांधला. त्यांना बक्कल लवकर लागेना. केतकी म्हणाली, "काका, सावकाश. माझ्या वाटचं बांधताय तुम्ही." ते खाली मान घालून पट्ट्याशीच झटत राहिले. मी त्यांना माफ केलेलं नाही. माझ्या लेकीचे हात माझ्या मनगटावर यायचे होते, ते त्यांच्यामुळे आले नाहीत, आणि हा राग मी जन्मभर बाळगणार आहे. हे त्यांना मी तोंडावर सांगितलंय. "बाळगा," ते म्हणाले.

गेल्या शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला, किंचित ताप आहे, आज चहाला टपरीवर येत नाही, पडून राहतो, तुम्हीही आराम करा. मी बरं म्हणालो. चार वाजता चपला घातल्या आणि भाईंदरची रिक्षा पकडली. बेल दोनदा वाजवावी लागली. स्वेटर घातलेल्या साडूंनी दार अर्धवट उघडून विचारलं, "आज कशाला आलात?"

"भांडायला," मी म्हणालो, आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.